वाचनात टॉपर नसतो

आमच्या देवपुरात 'बुकलिस्ट' या शब्दाला एकच अर्थ आहे. गेल्या वर्षी पोस्ट काढलेल्या कुणीतरी सांगितलेली पुस्तकं. राज्यघटनेसाठी लक्ष्मीकांत, बाकी विषयांसाठी ठरलेली ठरावीक नावं, आणि सगळ्यांत शेवटी 'एवढंच कर, पण दहा वेळा कर' हा सल्ला. पांझरेच्या या बाजूला कॉलेजं, क्लासेस आणि अभ्यासिका दाटीनं उभ्या आहेत. अभ्यासिकेत शेजारच्या टेबलावरची मुलगी रोज दहा-दहा तास वाचते, मीही वाचतो, आणि आमच्या दोघांच्या टेबलावर एकच चळत असते. वाचणाऱ्यांची इतकी गर्दी आणि पुस्तकांची इतकी टंचाई एकाच खोलीत क्वचित दिसेल.

यंदा मी ठरवलं की वर्षभरात सिलॅबसबाहेरची बारा पुस्तकं वाचायची. महिन्याला एक. अट अशी की कोणतीही दोन एका घरातली नकोत. म्हणून वहीत रकाने आखले : एक कवितेचं, एक अनुवादित, एक आत्मकथन, एक आदिवासी लेखकाचं, एक बाईनं लिहिलेलं, एक शंभर वर्षांपूर्वीचं, एक घरच्या बोलीतलं, एक मला न पटणाऱ्या विचाराचं, असं करत बारा. आखायला अर्धा तास लागला. भरायला घेतल्यावर मात्र अडलो, आणि ती अडचण पुस्तकं मिळण्याची नव्हती. 'कोणतं वाचू?' याच्या आधी 'कोणाला विचारू?' हा प्रश्न उभा राहिला. मला तो साधा सोयीचा प्रश्न वाटत नाही. तो नीतीचा प्रश्न आहे. कसा, ते सांगतो.

पास झालेल्याचा सल्ला

परीक्षेच्या जगात सल्ला कोणाचा घ्यायचा हे स्पष्ट असतं. ज्याला मार्क पडले त्याचा. तिथे पुस्तक हे साधन, आणि साधन चाललं की नाही हे निकालाच्या दिवशी कळतं. हीच सवय आपण बाकीच्या वाचनातही घेऊन येतो. 'मरण्यापूर्वी वाचायलाच हवीत अशी शंभर पुस्तकं' किंवा 'या पाच पुस्तकांनी माझं आयुष्य बदललं' असली रील आपण सेव्ह करतो, तेव्हा मनातल्या मनात टॉपरलाच शोधत असतो. कुणीतरी वाचन 'पास' झालेला आहे आणि त्याची यादी पुरी केली की आपणही पास होऊ.

पण वाचनात निकालाचा दिवस येत नाही. 'कोसला' वाचून एकाला रात्रभर झोप लागत नाही आणि दुसरा चाळिसाव्या पानावर ते ठेवून देतो. यातला कोण नापास? भालचंद्र नेमाड्यांचं ते पुस्तक 1963 साली आलं. त्यातला खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेला मुलगा आमच्या खानदेशातला. तरी आमच्याच अभ्यासिकेत त्यावर दोन तट आहेत. निकाल नाही म्हणजे टॉपर नाही. आणि टॉपर नाही म्हणजे सल्ला देणाऱ्याला तोलायला वेगळा काटा हवा.

माझ्यासारख्यांना विचारलं तर

सगळ्यांत सोपं म्हणजे मित्रांना विचारणं. पण मित्र माझ्यासारखेच असतात, म्हणून तर ते मित्र. त्यांनी सुचवलेली पुस्तकं मला आवडतात, यात नवल नाही. मोबाइल याच्या पुढे जातो. मी काय उघडलं, कुठे थांबलो हे लक्षात ठेवून तो मला माझाच पुढचा तुकडा काढून देतो. दोघांचाही हेतू वाईट नाही. दोघंही 'तुला काय आवडेल?' याच प्रश्नाचं उत्तर देतात, आणि तेवढं उत्तर मला पुरत नाही.

लंडनच्या अ‍ॅन मॉर्गन या लेखिकेनं 2012 साली एका वर्षात 196 देशांतलं प्रत्येकी एक पुस्तक वाचायचं ठरवलं. तिचं कपाट बहुतेक इंग्रजी लेखकांनीच भरलेलं आहे, हे तिच्या लक्षात आलं होतं. तिनं अनोळखी लोकांना विचारलं. मलेशियातल्या एका बाईनं आपणहून दुकानात जाऊन तिच्यासाठी पुस्तकं निवडली आणि टपालानं पाठवली. साओ तोमे आणि प्रिन्सिपे या आफ्रिकेतल्या चिमुकल्या बेटदेशाचं इंग्रजीत काहीच मिळेना, तेव्हा काही लोकांनी मिळून एक पोर्तुगीज पुस्तक तिच्यासाठी फुकट अनुवाद करून दिलं.

या गोष्टीत मला 196 या आकड्यापेक्षा ती दुकानात गेलेली बाई मोठी वाटते. तिनं सल्ला देताना स्वतःचं काहीतरी घातलं : वेळ, पैसे, आपल्या देशाची अब्रू. पुस्तक फसलं असतं तर तिला वाईट वाटलं असतं. मला पुस्तक आवडलं नाही तर मोबाइलला काहीच वाटत नाही, तो लगेच दुसरं दाखवतो. मला तोलायचा काटा इथे सापडला. सुचवणाऱ्यानं त्यात स्वतःचं काय घातलंय?

याच काट्यावर आमच्याकडची एक गोष्ट तोलून बघा. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या ओव्या रचायच्या आणि घरातली मुलं त्या टिपून ठेवायची. 1951 मध्ये त्या गेल्या. मुलगा सोपानदेव ती वही घेऊन आचार्य अत्र्यांकडे गेले, आणि 1952 मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापून आली. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी होते. आईच्या बोलीतल्या ओव्या घेऊन साहित्याच्या दरबारात जाणं, यात त्यांनी आपलं नाव पणाला लावलं. अत्र्यांनीही लावलं. आज ते पुस्तक आपल्याला आयतं मिळतं, कारण दोघांनी तेव्हा ते सुचवायची जोखीम घेतली.

रकान्याचा अपमान

माझा एक मित्र या रकान्यांवर चिडला. म्हणाला, "पुस्तक पुस्तक म्हणून वाच ना. लेखकाची जात, गाव, बाई की पुरुष हे बघून वाचणं म्हणजे त्याचा अपमानच. 'चला, एक आदिवासी कवी झाला' म्हणून टिक मारणार आणि पुढे जाणार."

त्याचं म्हणणं हलकं नाही. नंदुरबारकडचे भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' नावाची कविता आहे. व्यासपीठावर चढलेले दुसरेच लोक आदिवासींना त्यांचीच दुःखं समजावून सांगतात, आणि ज्यांची दुःखं आहेत ते खाली बसून ऐकतात, असा तिचा आशय. ती वाचली आणि माझ्या वहीतला 'एक आदिवासी लेखकाचं' हा रकाना मला त्या स्टेजसारखाच दिसायला लागला. रकाना मी आखलेला, नाव मी दिलेलं, टिकही मीच मारणार.

तरी मित्राचा उपाय मला पटत नाही. 'पुस्तक म्हणून वाच' म्हणणाऱ्याला वाटतं की रकाने पुसले की मोकळं मैदान उरतं. मैदान कधीच मोकळं नसतं. शाळेच्या पुस्तकानं, दुकानदाराच्या पुढच्या मांडणीनं, कोणत्या शहरात कोण प्रकाशक बसलाय यानं माझी निवड आधीच करून ठेवलेली असते. देवपूरहून नंदुरबार एसटीनं एका सकाळीत गाठता येतं. पण वाहरू सोनवण्यांच्या 'गोधड'पर्यंत पोचायला मला एक रकाना आखावा लागला. न दिसणाऱ्या रकान्यांपेक्षा दिसणारा बरा, कारण त्याच्याशी निदान वाद घालता येतो.

म्हणून मी रकाना ठेवला, पण त्याला दोन अटी घातल्या. पहिली, तो कोणत्या पुस्तकानं भरायचा हे त्या रकान्यात जगणाऱ्या माणसाला विचारायचं. दुसरी, पुस्तक एकदा वाचलं की ते त्या रकान्यातून बाहेर काढायचं. त्याबद्दल बोलताना 'आदिवासी कवितेत असं असतं' म्हणायचं नाही. या कवीनं या कवितेत काय म्हटलं तेवढं बोलायचं.

यातली पहिली अट माझ्यावरच उलटली. 'घरच्या बोलीतलं' हा रकाना मी मोठ्या प्रेमानं आखला होता आणि त्यात बहिणाबाईंचं नाव लिहून टाकलं होतं. आजीला चार ओळी वाचून दाखवल्या. तिनं कौतुकानं ऐकल्या आणि म्हणाली, "गोड शे. पन हाई आपली बोली नही." बरोबरच होतं तिचं. बहिणाबाईंची लेवा गणबोली, आमची अहिराणी. पुण्या-मुंबईहून पाहिलं तर दोन्ही 'खानदेशी', म्हणून एका पिशवीत. ग्रिअर्सननं 1907 मध्ये भारतीय भाषांच्या पाहणीच्या नवव्या खंडात खानदेशीला भिल्लांच्या भाषांशेजारी बसवलं. आजही जनगणनेत खानदेशी मराठीहून वेगळी मोजली जाते. इतका जुना शेजार, तरी आम्ही एकमेकांची पुस्तकं वाचत नाही. आजी एक ओळही वाचू शकत नाही, पण माझ्या यादीतली सगळ्यांत नेमकी दुरुस्ती तिचीच. आता त्या रकान्यासाठी मी अहिराणीत लिहिणाऱ्यांना विचारतोय आणि निवडलेलं आजीला मोठ्यानं वाचून दाखवायचं ठरलंय. बहिणाबाई कवितेच्या रकान्यात गेल्या, जिथे त्यांना कुणाचा प्रतिनिधी व्हावं लागत नाही.

सुचवणारा आणि ओढणारा

'स्वतःचं काय घातलंय' या काट्यात एक खोट आहे, ती झाकून उपयोग नाही. सगळ्यांत जास्त जीव ओतून पुस्तक सुचवतो तो प्रचारक. त्याला मी वाचायला नको असतो, त्याच्या बाजूला यायला हवा असतो.

फेब्रुवारी 2024 मध्ये आमच्या शेजारच्या अमळनेरला सत्त्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. त्याच दिवसांत, त्याच गावात विद्रोही साहित्य संमेलनही भरलं. माझी एक मैत्रीण दोन्हीकडे जाऊन आली आणि दोन पिशव्या भरून पुस्तकं आणली. दोन्ही पिशव्यांत मिळून एकही पुस्तक समान नव्हतं. दोन्हीकडे तिला तळमळीनं सांगणारी माणसं भेटली. मग ऐकायचं कोणाचं?

मैत्रिणीनं एक खूण सांगितली, ती मला पटली. पुस्तक घेताना तिनं दोन्हीकडे विचारलं, "नाही पटलं तर?" काहींनी नुसतंच हसून पैसे मोजून घेतले. एक जण म्हणाले, "पटेलच, न पटायला काय झालं!" आणि एक काका म्हणाले, "मग मला येऊन सांग, कुठे पटलं नाही ते. मलाही एक प्रकरण अजून पटलेलं नाही." या शेवटच्या माणसाचं पुस्तक आधी वाचायचं. ओढणाऱ्याला तुमचा होकार हवा असतो. सुचवणारा तुमच्या उत्तरासाठी जागा ठेवतो.

धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली, 21 फेब्रुवारी ते 19 जून, दर रविवारी विनोबा सोबतच्या कैद्यांना गीतेवर बोलले. अठरा अध्याय, अठरा रविवार. साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं, म्हणून 'गीता प्रवचने' आपल्या हातात आहे. मी ते 'मला न पटणाऱ्या विचाराचं' या रकान्यात घातलंय, कारण माझ्या मनात श्रद्धेपेक्षा शंका जास्त. त्यातल्या सगळ्याशी मी सहमत होईन असं नाही. पण एका पुस्तकाला अठरा रविवार देणं, आणि ज्यांना ते सांगतोय त्यांच्यासोबत त्याच भिंतींच्या आत राहणं, ही सुचवण्याची रीत मला शंभर पुस्तकांच्या रीलपेक्षा फार प्रामाणिक वाटते. सुचवणारा तिथून निघून जाऊ शकत नव्हता. पुढच्या रविवारी तीच माणसं समोर बसणार होती.

वाचणाऱ्याचं देणं

आता माझी बाजू. समोरच्यानं स्वतःचं काही घातलं असेल, तर माझ्याकडे काय देणं लागतं? पुस्तक आवडलंच पाहिजे, असं नाही. शेवटपर्यंत वाचलंच पाहिजे, असंही मला वाटत नाही. न आवडलेलं पुस्तक ओढून-ताणून संपवून 'छान होतं' म्हणणं ही तर उलट फसवणूक. देणं एवढंच की परत जायचं. कुठे थांबलो, का थांबलो, काय रुतलं, हे ज्यानं सुचवलं त्याला सांगायचं.

ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले गेलेले रंगनाथन यांनी 1931 मध्ये पाच नियम मांडले. त्यातला एक वाचकाच्या बाजूचा, त्याला त्याचं पुस्तक मिळावं हा. त्याला जोडून दुसरा पुस्तकाच्या बाजूचा, त्यालाही त्याचा वाचक मिळावा हा. चॅलेंज घेणारे आपण पहिल्यावरच थांबतो : माझे बारा, माझी वही, माझ्या टिका. दुसऱ्या नियमाकडे पाहिलं की बारा हा आकडा लहान होतो. माझ्या हातून एखादं पुस्तक पुढच्या माणसाकडे गेलं का, हा प्रश्न उरतो.

सप्टेंबरपर्यंत सात झाली आहेत. अभ्यासिकेतल्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीला मी विचारलं, "तुला काय सुचवू?" ती म्हणाली, "मेन्सनंतर बोल." तिचं बरोबर आहे, तिच्या घरी एकच पगार आहे आणि वय सरतंय. सवड ही काही सगळ्यांना सारखी वाटून मिळत नाही, आणि न वाचणाऱ्याकडे वरून बघायचा हक्क बारा पुस्तकांनी मला मिळत नाही. पण तिनं लगेच दुसरा प्रश्न केला, "तू वाचलेल्यातलं तुझ्याशी सगळ्यांत जास्त भांडलेलं कुठलं?" मी नाव सांगितलं. तिनं ते लक्ष्मीकांतच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवलं.

माझे पाच रकाने अजून रिकामे आहेत. तुम्हाला कुणी विचारलं की काय वाचू, तर तिच्याच प्रश्नाचं उत्तर द्या. आणि तो माणूस परत येऊन 'नाही पटलं' म्हणाला, तर त्याला बसायला खुर्ची द्या.