न जाणवणारी हालचाल

शास्त्रपाठ : लूक १:२४-४५, उत्पत्ती २५:२१-२३, स्तोत्रसंहिता १३९:१३-१६



अलीशिबेच्या उदरातील बाळाने उडी मारली, हा वृत्तांत आपण आगमनकाळात दरवर्षी ऐकतो. लूक वैद्य होता. म्हणूनच की काय, त्याने महिनेही नोंदून ठेवले आहेत. पाच महिने अलीशिबा एकांतात राहिली. सहाव्या महिन्याच्या सुमारास मरीया तिच्या दारी आली आणि तिचे शब्द कानी पडताच बाळ हर्षाने उसळले. हा पाठ ऐकून आपल्याला आनंद होतो. परंतु समोर बसलेल्या एखाद्या भगिनीच्या मनाला तोच पाठ बोचत असेल, हे पुष्कळ वर्षे माझ्या ध्यानी आले नव्हते.

एका रविवारी उपासना संपल्यावर आमच्या मंडळीतील एक पहिलटकरीण माझ्या पत्नीजवळ येऊन रडू लागली. "मावशी, मला एकविसावा आठवडा लागला. जाऊबाईंना दुसऱ्या खेपेला साडेचार महिन्यांतच बाळ फिरलेलं कळत होतं. माझं बाळ मला काहीच सांगत नाही. देवाचं माझ्याकडे लक्ष नाही का?" घरी सासूबाई मायेनेच विचारीत, पण रोजच्या "फिरलं का गं?" या प्रश्नाने ती मुलगी अर्धी झाली होती.

दुसऱ्या दिवशी पत्नी तिला घेऊन दवाखान्यात गेली. सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळ हातपाय झाडीत होते! आई पाहत होती, आणि तरी तिला आत काही कळत नव्हते. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितले, "तुझी वार गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीला, म्हणजे पोटाच्या बाजूला आहे. बाळाचे पाय तिच्यावर आपटतात. तुझ्यापर्यंत धक्का येत नाही, इतकंच."

दारावर जाड गोधडी टाकावी आणि पलीकडून कोणी थाप मारावी, तसे हे आहे. थाप पडते; ऐकू येत नाही. बहुतेक स्त्रियांना बाळाची हालचाल १६ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान कळू लागते. पहिल्या खेपेला पुष्कळदा विसाव्या आठवड्यानंतर. वार पुढे असली तर आणखी थोडा उशीर लागू शकतो, आणि हालचाल मध्यभागी न कळता ओटीपोटात किंवा कुशीत कळते. वारेची ही जागा म्हणजे दोष नव्हे की आजार नव्हे. वार गर्भपिशवीच्या तोंडावर असणे ही निराळी गोष्ट; तिच्याकडे डॉक्टर वेगळे लक्ष देतात. वार पुढे की मागे यावरून मुलगा की मुलगी हे ओळखू पाहणारेही आपल्यात आहेत. त्या समजुतीला काही आधार नाही, आणि देवाने दिलेल्या लेकराविषयी असा हिशेब मांडणे आपल्याला शोभतही नाही.

यातून प्रभू आपल्याला काय शिकवतो?

पहिली गोष्ट : न जाणवणे म्हणजे नसणे नव्हे. स्तोत्रकर्ता म्हणतो की, आईच्या उदरात त्याची घडण होत होती तेव्हाच देव त्याला पाहत होता. आईला कळण्याच्या कितीतरी आधी, दुसऱ्या महिन्याच्या अखेरीसच बाळ हलू लागते. तिला ते ठाऊक नसते, पण देवाला ठाऊक असते. आपली प्रार्थना कोरडी वाटते, प्रभू जवळ आहे असे वाटत नाही, असे दिवस विश्वासणाऱ्यालाही येतात. त्या दिवशी आपल्या भावनेवरून देवाची परीक्षा करू नये.

दुसरी गोष्ट : जी आड येते, तीच पोसते. त्या मुलीला वाटले, ही वार माझ्या आणि माझ्या बाळाच्या मध्ये भिंत होऊन उभी आहे. पण बाळाचे अन्न आणि प्राणवायू तिच्यातूनच जातात. दिवस भरता भरता तिचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास होते. बाळंतपणानंतर ती पडते आणि कोणी तिची आठवणही काढीत नाही. आपले प्रत्येक दुःख असेच पोसणारे असते, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे दुःखितांवर अन्याय होईल. पण देवाच्या कृपेचे साधन कधी कधी पडद्यासारखे दिसते, एवढे निश्चित.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे, विशेषतः घरातील वडीलधाऱ्यांनी ऐकावी अशी. विश्वास म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे. रिबकेच्या उदरात मुले झगडू लागली, तेव्हा ती गप्प राहिली नाही. ती उठून परमेश्वराला विचारायला गेली. २४ आठवडे होऊनही हालचाल कधीच कळली नाही, तर डॉक्टरांकडे जावे. सातवा महिना लागेपर्यंत प्रत्येक आईला आपल्या बाळाची चाल ओळखीची होते. ती ओळखीची चाल कमी झाली, बदलली किंवा थांबली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठावा. "वार पुढे आहे, म्हणून लागत नसेल," असे म्हणून थांबू नये. "दिवस भरत आले की बाळ शांत होते," ही समजूतही चुकीची आहे. गोड पाणी पाजून सकाळची वाट पाहू नये. प्रार्थना रिक्षात बसूनही करता येते.

हे मी मुद्दाम लिहितो, कारण पूर्वी एकदा एका लहानशा पेटीपुढे उभे राहून मला प्रार्थना करावी लागली आहे. त्या घरी "सकाळी जाऊ" असे ठरले होते. लवकर गेले असते तर काय झाले असते, हे देवच जाणतो. त्या आईला मी तेव्हा दोष दिला नाही आणि आजही कोणी देऊ नये. हे वाचणाऱ्या अशा माउलींनो, तुमचे लेकरू ज्याने उदरात पाहिले, त्याने त्याला नजरेआड केलेले नाही.

आमच्या त्या मुलीला तेविसाव्या आठवड्यात, एका रात्री कुशीवर निजली असताना, अगदी खाली हलकीशी टिचकी लागली. तिने नवऱ्याला उठवले. पुढे आठव्या महिन्यात एका संध्याकाळी बाळ नेहमीसारखे हलेना, तेव्हा "वार पुढे आहेच ना" असे कोणीतरी म्हणाले. सासूबाईंनीच पायांत चपला घातल्या आणि म्हणाल्या, "चल सूनबाई, विचारून येऊ." तपासणीत बाळ सुखरूप निघाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असं वाटलं तर पुन्हा या. दहा वेळा या." ती फेरी फुकट गेली असे त्या घरात कोणी म्हटले नाही. ते बाळ आता संडेस्कूलमध्ये पहिल्या बाकावर बसते आणि क्षणभरही स्वस्थ बसत नाही.

प्रार्थना : हे प्रेमळ स्वर्गीय पित्या, जे आम्हांला जाणवत नाही तेही तू पाहतोस. आमच्या मंडळीतील गरोदर भगिनींना धीर दे, त्यांच्या घरच्यांना शहाणपण दे, डॉक्टर आणि परिचारिकांच्या हातांना यश दे. ज्यांची कूस रिकामी झाली, त्यांना आपल्या जवळ घे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.