रात्रीचा समुद्र कोणाच्या वाट्याला?

उन्हाळ्यात ग्रीसच्या मिकोनोस किंवा इओस बेटावर जाणाऱ्या प्रवाशाला दोन गोष्टी हव्या असतात: दिवसा वाळू आणि पाणी, रात्री पहाटेपर्यंत जागणारे गाव. संयुक्त अरब अमिरातीने ही मागणी ओळखली आणि निसर्गाने दिली नाहीत ती बेटे स्वतः घडवली. दुबईत २००१ साली पाम जुमेराचे काम सुरू झाले. वाळवंटाची वाळू वाऱ्याने घासून इतकी बारीक आणि गुळगुळीत झालेली असते की भरावात ती धरून राहत नाही; म्हणून आखाताच्या तळातून सुमारे ९ कोटी ४० लाख घनमीटर वाळू उपसावी लागली. लाटा अडवायला ११ किलोमीटरचा बांध घातला. आतले पाणी साचून राहते असे दिसल्यावर त्या बांधात वाटा ठेवल्या. २००३ मध्ये जगाच्या नकाशासारख्या ३०० बेटांची घोषणा झाली. त्यांतली बहुतेक आजही रिकामी आहेत. रास अल खैमाच्या अल मर्जान बेटांवर विन कंपनीचे भव्य रिसॉर्ट उभे राहते आहे आणि कॅसिनोचा देशातला पहिला परवाना त्याला २०२४ मध्ये मिळाला. स्थापत्य म्हणून हे सारे थक्क करणारे आहे. तरीही माझ्या मते अमिरातीच्या किनाऱ्यावरची सगळ्यात महत्त्वाची घडामोड यांपैकी एकाही बेटावर घडलेली नाही. ती २०२३ मध्ये जुमेरा आणि उम सुकीम भागांतल्या अवघ्या ८०० मीटर वाळूवर घडली.

तिथे दुबई महापालिकेने उंच खांबांवर दिवे लावले, सूचना देणारे पडदे बसवले, जीवरक्षक चोवीस तास नेमले आणि रात्रभर पोहायला मोकळीक दिली. प्रवेशाला पैसे नाहीत. ही सोय किरकोळ वाटेल, पण तिथले हवामान लक्षात घेतले की तिचे मोल कळते. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ४० अंशांच्या पुढे असतो आणि दमटपणा त्यात भर घालतो. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास कायद्याने बंदी आहे. ज्या उन्हात काम करणे धोक्याचे, त्या उन्हात वाळूवर बसणेही सुखाचे नसते. भूमध्य समुद्रातल्या बेटावर दिवस समुद्राचा आणि रात्र गावाची अशी वाटणी होऊ शकते. आखातात मात्र वर्षाचे कित्येक महिने समुद्रावर जाण्याजोगी वेळ सूर्यास्तानंतरच सुरू होते. चैनीचा मुद्दा इथे दुय्यम आहे. रात्री किनारा बंद म्हणजे उन्हाळाभर किनारा बंद.

आणि तो कोणासाठी बंद होतो हे पाहिले पाहिजे. ज्याच्या घरात तरणतलाव आहे, ज्याला बीच क्लबची फी परवडते, त्याचा समुद्र बंद होत नाही. तो बंद होतो सोनापूर किंवा अल क़ूझच्या कामगार वस्त्यांत एका खोलीत अनेकांबरोबर राहणाऱ्या माणसासाठी. अमिरातीत ३५ लाखांहून अधिक भारतीय राहतात. रत्नागिरी-रायगडच्या किती घरांतला कर्ता पुरुष आखातात आहे, हे कोकणातल्या कोणत्याही एसटी थांब्यावर समजते. खाडी आणि भरती-ओहोटी पाहत वाढलेल्या या माणसाला समुद्राची ओळख करून द्यावी लागत नाही. दिवसभराच्या पाळीनंतर त्याला पैसे न मोजता पाण्यात उतरता यावे, एवढेच हवे.

ग्रीसमध्येही हाच प्रश्न वेगळ्या वाटेने पुढे आला. २०२३ च्या उन्हाळ्यात पारोस बेटावरचे रहिवासी टॉवेल घेऊन रस्त्यावर उतरले. कायद्याने सार्वजनिक असलेली वाळू भाड्याच्या खुर्च्या आणि छत्र्यांनी गिळली, अशी त्यांची तक्रार होती. पुढच्याच वर्षी सरकारने नियम केला: किनाऱ्याचा निम्मा भाग, आणि संरक्षित क्षेत्रात ७० टक्के भाग, खुर्च्यांपासून मोकळा राहिला पाहिजे. ज्या देशाचे पर्यटन या खुर्च्यांवर चालते, त्यानेच ही मर्यादा घातली. त्यामागचे कारण भावनिक नव्हते. गाववाल्यांनाच वाळूवर पाय ठेवायला जागा उरली नाही, तर बेटाचे गावपण जाते आणि मागे नुसती हॉटेलांची रांग राहते, हे तिथे दिसू लागले होते.

फुकट किनारा कोणाच्या पैशाने सांभाळायचा, हा आक्षेप साहजिक आहे. दिवे, जीवरक्षक, स्वच्छता यांना खर्च येतो आणि क्लब-रिसॉर्टच्या उत्पन्नातून शहराच्या तिजोरीत भर पडते. हे खरे आहे आणि मी क्लब बंद करा असे म्हणत नाही. पण क्लबमधला वेटर, खोल्या आवरणारी बाई, बांधावर दगड रचणारा मजूर यांच्या श्रमांवाचून ते उत्पन्न उभेच राहत नाही. त्या उत्पन्नातून ८०० मीटर वाळूवर दिवे लावणे हा उपकार नाही, तो हिशेबातला त्यांचा वाटा आहे. दुबईलाही हे पटलेले दिसते: सार्वजनिक किनारे २१ किलोमीटरवरून २०४० पर्यंत १०५ किलोमीटरवर नेण्याची योजना तिने २०२३ मध्ये जाहीर केली.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. एकट्या पुरुषांची गर्दी झाली की बायका-मुलांना तिथे मोकळे वाटत नाही, असे म्हणतात, आणि स्त्रियांचा हा अनुभव झटकून टाकता येणार नाही. पण त्यावरचा उपाय कोणता? गेल्या काही वर्षांत ईदच्या सुट्टीत दुबईतले अनेक सार्वजनिक किनारे केवळ कुटुंबांसाठी राखून ठेवले गेले. आखातात ज्यांना सरसकट ‘बॅचलर’ म्हणतात, त्यांतल्या कितीतरी जणांची बायको-मुले गावी असतात, कारण त्यांना बोलावून घेण्याइतका पगार नसतो. वर्षातली मोजकी सुट्टी मिळते त्याच दिवशी किनारा त्यांना बंद. हे मला अन्यायाचे वाटते. अल ममझरच्या नव्या आराखड्यात केवळ स्त्रियांसाठी रात्रीच्या पोहण्याची जागा आहे. तो मार्ग योग्य, कारण त्यात एकाला जागा देताना दुसऱ्याला हाकलले जात नाही. उजेड, गस्त आणि जीवरक्षक यांनी स्त्रियांना सुरक्षितता मिळते. माणसाचा विवाह आणि पगार पाहून ती मिळत नाही.

राजेशाहीत हे सारे शासकाच्या मर्जीवर असते, हक्क म्हणून मागता येत नाही, असे कोणी म्हणेल. तेही मान्य. ग्रीक रहिवासी टॉवेल घेऊन उभा राहू शकला, तसा कामगार दुबईत उभा राहू शकत नाही, आणि हा फरक मोठा आहे. आपल्याकडे मात्र हक्क कागदावर आहे. समुद्रकिनारा ही सरकारने जनतेचा विश्वस्त म्हणून सांभाळायची ठेव आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने कमलनाथ खटल्यात १९९६ च्या अखेरीस मान्य केले. गिरगाव चौपाटी रात्री सर्वांना खुली असते. गोव्यात हणजूण-वागातोरच्या रहिवाशांना रात्री दहानंतरच्या कर्णकर्कश संगीताविरुद्ध उच्च न्यायालयात जाता आले. पण दुबईच्या त्या ८०० मीटरवर जसे दिवे आहेत आणि पहाटेपर्यंत नेमलेला जीवरक्षक आहे, तसे आपल्या किती किनाऱ्यांवर आहे? हक्काला सोयीची जोड नसेल तर रात्रीच्या समुद्रात उतरणारा माणूस जिवाशी खेळतो.

मराठी कुटुंबे सुट्टीत दुबईला जातात, पाम पाहतात, फोटो काढतात. त्यांनी एक संध्याकाळ उम सुकीमच्या त्या वाळूसाठीही ठेवावी. आणि परतल्यावर मुंबई, रत्नागिरी, मालवणच्या नगरसेवकाकडे एवढेच मागावे: किनाऱ्याचा एक तुकडा, त्यावर दिवे, आणि रात्रपाळीचा जीवरक्षक.