आवाजावर लावलेली चिठ्ठी

वाचकहो, मनुष्याच्या आवाजावर चिठ्ठी लावण्याचे काम आज संगणकावर सर्रास चालते. ध्वनिमुद्रणाचे लहान लहान तुकडे करावयाचे, प्रत्येक तुकडा ऐकावयाचा आणि त्यात शब्द कोणते, बोलणारा कोण, बोली कोणती हे नोंदवावयाचे. मोझिला या संस्थेने 2017 साली सुरू केलेल्या 'कॉमन व्हॉइस' या उपक्रमात तर कोणीही दिलेले वाक्य वाचावे आणि इतरांनी ते ऐकून 'होय' किंवा 'नाही' म्हणावे, अशी रीत आहे. मराठीचाही त्यात समावेश आहे. काम यांत्रिक वाटते. परंतु 'नाही' म्हणताना आपण नेमके काय करतो?

शास्ते या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातील प्रसंग आपणांस ठाऊक आहे. यार्देनेच्या उतारावर गिलादी लोकांनी पळून जाणाऱ्या एफ्राइमी माणसांना 'शिब्बोलेथ' हा एकच शब्द म्हणावयास लावला. ज्याच्या तोंडून 'श'ऐवजी 'स' आला, तो मारला गेला. त्या वेळी 42,000 एफ्राइमी पडले. उच्चारावरून माणूस ओळखणे हे पाप नव्हे. त्या ओळखीचा निवाडा झाला, तेथे अनर्थ घडला.

आज तलवार नाही, पण उतार आहे. वऱ्हाडातील शेतकरी 'डोळा' न म्हणता 'डोया' म्हणतो. दोघा श्रोत्यांनी 'नाही' म्हटले की त्याचा आवाज बाद होतो. यंत्र जेवढे ऐकते, तेवढेच शिकते. उद्या हाच शेतकरी फोनवर यंत्राला पावसाविषयी विचारील, तेव्हा त्याचे बोलणे यंत्राला उमगणार नाही, आणि दोष मात्र त्याच्या जिभेला दिला जाईल. वसईची सामवेदी बोली बोलणारे आणि तंजावरचे मराठी भाषक यांच्यावरही हीच पाळी येऊ शकते.

मग सर्वच तुकडे स्वीकारावेत काय? नाही. 'मुलगी' छापले असता कोणी 'मुलगा' वाचले, तर तो तुकडा नाकारलाच पाहिजे. दयेपोटी केलेली खोटी नोंद ही खोटीच राहते. येथे प्रश्न मवाळपणाचा नसून विवेकाचा आहे. 'मुलगा' वाचणाऱ्याने शब्द बदलला. 'डोया' म्हणणाऱ्याने शब्द तोच ठेवून आपल्या गावच्या तोंडाने उच्चारला. भाषाभ्यासक वापरतात त्या 'इलॅन' या साधनात एकाच तुकड्याखाली अनेक ओळी ठेवता येतात: एकीत शब्द, दुसरीत प्रत्यक्ष उच्चार, तिसरीत बोली. सत्यही राखले जाते आणि माणूसही.

जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीचे खंड 1903 ते 1928 या काळात प्रसिद्ध झाले. नमुना म्हणून त्यांनी उधळ्या पुत्राचा दृष्टान्त बोलीबोलीतून मिळविला. मराठीच्या बोलींना 1905 च्या सातव्या खंडात जागा मिळाली. हे सर्व नमुने एकाच प्रमाण साच्यात न बसविता त्यांनी ते शेजारी शेजारी छापले. दूर गेलेला पुत्र घरी परतला, ही एकच कथा कितीतरी तोंडांनी सांगितली गेली.

म्हणून, प्रिय वाचका, असे काम आपल्या वाट्यास आले तर 'नाही' म्हणण्यापूर्वी तो तुकडा पुन्हा एकदा ऐकावा आणि स्वतःस विचारावे: हा मनुष्य चुकला आहे, की केवळ माझ्यासारखा बोललेला नाही?