मेथी उगवली, धने का नाहीत?

बाल्कनीतल्या कुंड्यांत आपण एकाच दिवशी मेथी आणि धने पेरतो. चार-पाच दिवसांत मेथी वर येते. धन्यांच्या कुंडीत मात्र नुसती मातीच दिसते. आठव्या दिवशी मन अस्वस्थ होते आणि वाटते, जरा उकरून पाहूया का?

साधकहो, इथेच थांबा. धन्यांना उगवायला 10 ते 15 दिवस लागू शकतात. बीमधून आधी मूळ खाली उतरते, मग कोंब वर येतो. उकरले की ते कोवळे मूळच तुटते. बी मेलेले नव्हते. ते आपल्या अधीरतेने मारले.

नामजपाचेही असेच होते. महिना झाला, राग कमी झाला का, मन शांत झाले का, असे आपण रोज उकरून पाहतो. दुसऱ्याची ‘मेथी’ पाहून खचतो आणि जपच सोडून देतो.

अरणच्या संत सावता माळी यांनी मळ्यातल्या कामातच विठ्ठलभक्ती पाहिली. पेरणे, पाणी घालणे, तण काढणे हे माळ्याच्या हाती. उगवणे ईश्वराच्या हाती.

म्हणून आज माती ओलसर ठेवा, जपाची वेळ पाळा आणि कुंडीतला हात काढून घ्या.