गौरवातही व्रण का राहिले?

आजचं वाचन : प्रकटीकरण १:९-१८
सोबत वाचा : योहान २०:१९-२९, प्रेषितांची कृत्ये ७:५४-६०



आजचा उतारा लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचला असेल तर रात्री घरी गेल्यावर परत एकदा वाचा. स्क्रोल करत वाचायचा हा उतारा नाही.

योहान पात्म बेटावर आहे. एजियन समुद्रातलं हे छोटंसं, खडकाळ बेट आज ग्रीसमध्ये येतं. ख्रिस्ताची साक्ष दिली म्हणून तो तिथे अडकलाय. जुनी परंपरा सांगते की हा काळ डोमिशियन बादशहाचा, म्हणजे इसवी सन ९५ च्या आसपासचा. (हा योहान आणि शुभवर्तमानाचा योहान एकच का, यावर अभ्यासकांचा वाद आहे. आज त्यात शिरत नाही.) प्रभूचा दिवस आहे. मागून कर्ण्यासारखा आवाज येतो, तो वळतो आणि त्याला सोन्याच्या सात समया दिसतात. आपल्या मराठी बायबलमधला हा समया शब्द मला फार आवडतो. पात्म बेट लांबचं, पण समई घरातली.

त्या समयांच्या मध्ये तो उभा असतो. केस बर्फासारखे पांढरे, डोळे आगीच्या ज्वाळेसारखे, पाय भट्टीतून काढलेल्या पितळेसारखे, आवाज लोटणाऱ्या पाण्यासारखा, चेहरा भर दुपारच्या सूर्यासारखा. दानिएलच्या सातव्या अध्यायात दोन व्यक्ती दिसतात. एक सिंहासनावर बसलेला पांढऱ्या केसांचा पुराणपुरुष आणि दुसरा त्याच्याकडे येणारा मानवपुत्र. योहानाला दिसतो मानवपुत्रच, पण केस मात्र त्या पुराणपुरुषाचे. येशू कोण आहे, हे योहानाने वाद न घालता नुसत्या केसांच्या रंगातून सांगून टाकलंय.

जेवताना ज्याच्या छातीशी शिष्य टेकून बसला होता, त्याच येशूला आता पाहून योहान मेल्यासारखा त्याच्या पायाशी पडतो.

एक गंमत सांगतो. पुनरुत्थानकाळाच्या दुसऱ्या रविवारी, तीन वर्षांच्या चक्रातल्या तिसऱ्या वर्षी, मिस्सामध्ये हाच उतारा दुसरं वाचन म्हणून येतो. मागच्या वेळी तो २७ एप्रिल २०२५ ला होता. पण वाचनात १४ ते १६ ही वचनं गाळलेली असतात. म्हणजे केस, डोळे, पाय, आवाज, तलवार, चेहरा, सगळंच. चर्चमध्ये आपण ऐकतो की योहानाला कुणीतरी दिसला आणि तो कोसळला. कशामुळे कोसळला ते घरी जाऊन वाचायचं! त्याच दिवशीचं शुभवर्तमान मात्र दरवर्षी ठरलेलं, थोमाचं. बंद दारं, घाबरलेले शिष्य, आणि येशू हात आणि कूस दाखवतो.

इथे माझी गाडी नेहमी अडते. मरणावर विजय मिळवून आलेल्या शरीरावर खिळ्यांची भोकं कशाला?

जो बंद दारातून आत येऊ शकतो, त्याला पाच जखमा भरून काढणं अवघड होतं का? माझ्या इंजिनिअर डोक्याला तर हे अर्धवट दुरुस्तीसारखं वाटायचं. आणि प्रकटीकरणाच्या पहिल्या अध्यायात व्रणांचा उल्लेखही नाही. आधी मला वाटायचं की स्वर्गात गेल्यावर तो भाग संपला असणार. पण नीट वाचा. त्याच अध्यायाच्या सातव्या वचनात, ज्यांनी त्याला भोसकलं तेही त्याला पाहतील, असं आहे. स्वतःची ओळख देताना तो सांगतो की मी मेलो होतो. पाचव्या अध्यायात तर कहरच. वडील योहानाला सांगतात की यहूदाचा सिंह जिंकलाय. योहान सिंह बघायला मान वर करतो आणि समोर दिसतो कोकरा, तोही वधला गेल्यासारखा, सिंहासनाच्या अगदी मध्ये उभा. म्हणजे जखम स्वर्गातही आहे, आणि ती कोपऱ्यात झाकून ठेवलेली नाही.

संत ऑगस्टीन यांनी 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या बाविसाव्या भागात लिहिलंय की हुतात्म्यांच्या शरीरांवरचे व्रण स्वर्गातही दिसावेत असं आपल्याला वाटतं, आणि ते कुरूप दिसणार नाहीत, त्यांची शोभाच होईल. संत थॉमस अक्वायनस यांनीही ख्रिस्ताच्या व्रणांवर स्वतंत्र प्रश्न घेऊन चर्चा केली आहे. मोठ्या माणसांनाही हे खटकलंय, हे वाचून मला बरं वाटलं.

आपण महाराष्ट्रात वाढलो, त्यामुळे न भरणारी जखम म्हटलं की पहिला अश्वत्थामा आठवतो. कपाळावरची वाहती जखम घेऊन तेल मागत फिरणारा. ती जखम त्याच्या स्वतःच्या अपराधाची आहे. येशूचे व्रण दुसऱ्यांच्या अपराधाचे आहेत. आणि ते वाहत नाहीत. थोमाला तो बोट घालायला सांगतो, याचा अर्थ आता तिथे दुखत नाही. दुखणं गेलं, व्रण राहिला. या दोन गोष्टी मी आयुष्यभर एकच समजत होतो.

आता हे मला आजच का लिहावंसं वाटलं ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी, आधीच्या कंपनीत असताना, एका शुक्रवारी रात्री आमचं रिलीज होतं. टीममध्ये एक नवीन मुलगा होता, प्रोबेशनवर. त्याने त्या रात्री एक कॉन्फिगरेशन बदललं होतं, मीच सांगितलं होतं म्हणून. त्यानंतर मी प्रॉडक्शनच्या डेटाबेसवर एक छोटी स्क्रिप्ट चालवली, कुणाला न विचारता, कारण मला घरी जायची घाई होती. शनिवारी सकाळी ग्राहकाची सिस्टिम काही तास बंद पडली. सोमवारी चौकशीचा कॉल झाला. आमच्या धंद्यात त्याला पोस्टमॉर्टेम म्हणतात. मॅनेजरने विचारलं, "कॉन्फिग कुणी बदललं?" तो मुलगा म्हणाला, "मी." सगळ्यांना उत्तर मिळालं. पुढे कुणी काही विचारलं नाही. मी माईक म्यूटवर ठेवून बसलो होतो.

मी खोटं बोललो नाही. मी काहीच बोललो नाही. त्याचं प्रोबेशन वाढवलं गेलं आणि दोन महिन्यांनी तो सोडून गेला.

मी कन्फेशनला गेलो होतो. सांगितलंही, पण गोल करून. "कामाच्या ठिकाणी प्रामाणिक राहिलो नाही," एवढंच. फादरांनी पापक्षमा दिली, मी बाहेर येऊन हलका झालो. देवाने क्षमा केली, विषय संपला, असं मी धरून चाललो. गौरवातल्या येशूचं माझ्या मनातलं चित्रही मग तसंच झालं. चकचकीत, सोनेरी, कुठेही ओरखडा नाही. माझा हिशोब साफ झाला असेल तर त्याच्या अंगावर तरी खूण कशाला राहावी?

सध्या माझं ऑफिस अंधेरीच्या सीप्झमध्ये आहे. तिथे काम करणाऱ्यांना माहीत असेल, काचेच्या इमारतींच्या मधोमध एका जुन्या चर्चचे अवशेष आहेत. सेंट जॉन द बॅप्टिस्टचं चर्च, १५७९ मध्ये पोर्तुगीज जेसुइटांनी बांधलेलं. (क्रिस्तपुराण लिहिणारे फादर स्टीफन्स गोव्यात उतरले ते याच वर्षी.) १८४० च्या सुमारास साथ आली, गाव उठलं, आणि चर्च जवळच मरोळला हलवलं गेलं. नवीन चर्च सेंट जॉन द इव्हँजलिस्टचं, म्हणजे परंपरेप्रमाणे आपल्या पात्म बेटावरच्या योहानाचं. जुनं तिथेच राहिलं. १९७३ मध्ये सीप्झ झालं आणि ते कुंपणाच्या आत गेलं. छप्पर नाही, भिंती काळ्या पडलेल्या, दगडांतून झाडं उगवलेली. तरी वर्षातून एकदा तिथे मिस्सा होते आणि लोक उघड्या आकाशाखाली बसतात.

परवा जेवणानंतर त्या बाजूने चालत होतो आणि मोबाईलवर कृत्यांचा सातवा अध्याय वाचत होतो. स्तेफन दगडांनी मारला जाण्याआधी वर बघतो, तर त्याला देवाचं गौरव आणि येशू देवाच्या उजवीकडे उभा दिसतो. सगळीकडे बसलेला म्हणतात, इथे उभा! हे मी बऱ्याच वेळा ऐकलं होतं. यावेळी नजर खालच्या एका वाक्यावर थांबली. दगड मारणाऱ्यांनी आपले कपडे शौल नावाच्या तरुणाच्या पायाशी ठेवले होते.

शौलाने दगड मारला नव्हता. तो फक्त कपड्यांपाशी उभा होता.

आणि दोन अध्यायांनंतर त्याच शौलाला दिमिष्काच्या रस्त्यावर प्रकाश दिसतो, तोच गौरवातला येशू. तो शौलाला स्तेफनबद्दल विचारत नाही, मंडळीबद्दलही विचारत नाही. माझा छळ का करतोस, असं विचारतो. वर्तमानकाळ. स्वर्गात पोचलेला, सूर्यासारखा तेजस्वी देवपुत्र दिमिष्कातल्या कुठल्यातरी घाबरलेल्या माणसाची जखम स्वतःची म्हणून सांगतो. मग व्रण पुसले का नाहीत याचं उत्तर मला थोडंसं दिसलं. ज्यांना आम्ही दुखावलंय ते अजून खाली चालताहेत. त्यांची जखम आहे तोवर त्याने स्वतःची कशी पुसावी? आणि त्याने पुसली नाही, तर मी कोण परस्पर पुसणारा?

येशूने बंद खोलीत शिष्यांना काय दिलं बघा. पळून गेलेल्या माणसांना तो आधी शांती असो म्हणतो आणि लगेच हात दाखवतो. शांती देण्यासाठी त्याने हात झग्यात लपवले नाहीत. मला मात्र शांती हवी होती, पण हात बघायचे नव्हते.

रात्री बायकोला सगळं सांगितलं. लग्नाला सहा वर्षं झाली, पण ही गोष्ट तिला पहिल्यांदाच कळली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तू त्याला आता मेसेज करणार, तो कशासाठी? तुला हलकं वाटावं म्हणून? तो विसरला असेल तर परत खपली काढशील त्याची."

हा प्रश्न मी टाळला नाही, दोन दिवस त्यावर विचार केला. तिचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. नुसती माफी मागणं म्हणजे माझं ओझं त्याच्या डोक्यावर ठेवणं, आणि वर त्याने "असू दे" म्हणावं अशी अपेक्षा. पण त्याच्या नावावर जी चूक लागली आहे ती फक्त त्याच्या मनात नाही, दुसऱ्यांच्याही मनात आहे. ती मी काढू शकतो. म्हणून मी आधी त्या जुन्या मॅनेजरला मेल लिहिला. त्या रात्री काय झालं, कोणती स्क्रिप्ट, कुणी चालवली, किती वाजता. सफाई दिली नाही. हा मेल पाठवायला मला चाळीस मिनिटं लागली. बोट बटणावर, आणि डोक्यात पुढच्या नोकरीच्या वेळी रेफरन्स कोण देणार हा विचार. इतका मी धार्मिक.

मग तोच मेल त्या मुलाला पाठवला, वर दोन ओळी लिहून. उत्तर देण्याची गरज नाही, हेही लिहिलं.

योहान पायाशी पडल्यावर काय होतं ते वाचून ठेवा, कारण मेल पाठवल्यावर मला तेच वचन धरून बसावं लागलं. ज्या उजव्या हातात सात तारे आहेत, तोच उजवा हात तो योहानावर ठेवतो आणि भिऊ नको म्हणतो. मग तारे कुठे गेले, असा प्रश्न आमच्या युवक गटात एकाने विचारला होता आणि सगळे हसले होते. मला तो प्रश्न आता हसण्यासारखा वाटत नाही. ज्या हाताने तारे धरलेत, त्याच हाताला भोक आहे, आणि तोच हात एका घाबरलेल्या म्हाताऱ्याच्या अंगावर आहे.

मॅनेजरचं उत्तर आलेलं नाही.

त्या मुलाचं तिसऱ्या दिवशी आलं. लिहिलं होतं, "मला माहीत होतं. लॉगमध्ये तुमचं नाव होतं, मी त्याच सोमवारी बघितलं होतं. तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो."

तो आता मुलुंडला राहतो. शनिवारी संध्याकाळी घाटकोपरला भेटायचं ठरलंय, मेट्रोच्या जिन्यापाशी. काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही. तुमच्या प्रार्थनेत आम्हा दोघांची आठवण ठेवा, त्याची आधी.