मनोरे आणि माणसे

राष्ट्रासाठी उठलेल्या माणसाला मी एकच प्रश्न विचारीन: तुझे हत्यार कशावर पडले?

आमच्या कर्जतमध्ये याचे एक उत्तर आहे. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. जन्म १९१२ चा, नाभिक कुटुंबातला. वकिलीपर्यंत शिकले, पण लोकांचे भाईच राहिले. दाण्यासाठी सावकाराच्या दारात उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्यासाठी त्यांनी धान्यकोठ्या काढल्या, पोरांसाठी शाळा काढल्या. १९४२ मध्ये आझाद दस्ता उभा केला आणि मुंबईला वीज नेणारे मनोरे एकामागून एक आडवे केले. खोपोलीचे वीजघर १९१५ चे, भिवपुरीचे १९२२ चे. घाटावरचे पाणी इथे उतरायचे आणि गिरण्या तिकडे चालायच्या. सत्तेची नस कुठून जाते, ते या मुलखातल्या माणसाला ठाऊक होते. दस्त्याने पाडले ते लोखंड.

२ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठले. दस्त्यातले मानिवलीचे हिराजी पाटील पडले. भाई पडले. जखमी भाईंवर हॉल नावाच्या अधिकाऱ्याने जवळून गोळी झाडली, असे आमच्याकडे सांगत आले आहेत. वय तीस. वकील माणूस, पण त्याच्यापुढे आरोपपत्र वाचले गेले नाही, त्याचे म्हणणे कुणी लिहून घेतले नाही.

गोळीने माणूस मरतो, आणि त्याचे म्हणणेही.

कायद्याचा आणखी एक पदवीधर आठवतो. बेलग्रेडचा. स्लोबोदान मिलोसेविच. १९८७ च्या एप्रिलपर्यंत तो सर्बियातल्या कम्युनिस्ट पक्षाचा एक रुक्ष पदाधिकारी होता. कोसोवोतल्या सर्बांची गाऱ्हाणी ऐकायला गेला, तिथे पोलिसांचा मार खाल्लेल्या जमावाला म्हणाला की यापुढे तुमच्यावर कुणी हात टाकणार नाही. परतला तो पुढारी होऊन. दुखावलेल्या गर्दीची जखम धुतली तर ती दुवा देते. जखम दाखवत फिरवली तर खांद्यावर घेते. त्याला हे एका दिवसात कळले.

गाऱ्हाणे खरे असते, हेच यातले अवघड. खोट्या गाऱ्हाण्यावर कुणी फार दिवस राज्य करू शकत नाही.

२८ जून १९८९. कोसोवोच्या लढाईला सहाशे वर्षे झाली म्हणून त्याच मैदानावर लाखोंचा समुदाय जमला. १३८९ चा पराभव त्याने असा सांगितला की तो काल संध्याकाळी झाला असावा. सहाशे वर्षांपूर्वीचे रक्त ओले वाटू लागले की शेजारचे घर शत्रूचे दिसू लागते.

आठवणी आमच्याकडेही आहेत. खालापूरच्या उंबरखिंडीत १६६१ च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाची फौज कोंडली. पुढे वाट नाही, मागे वाट नाही, पाणी नाही. खानाबरोबरच्या रायबागनने शरण जाण्याचा सल्ला दिला. खान शरण आला, आणि सामानसुमान ठेवून घेऊन महाराजांनी त्याला जाऊ दिले. तिथल्या स्मारकापाशी मुलांना लढाई सांगताना आपण कोंडीत रमतो आणि सोडून दिल्याचे एका वाक्यात उरकतो. मीही तसेच करत आलो. आता ते सलते. पूर्वजांचा पराक्रम सांगून आपला होतो. त्यांचा संयम मात्र प्रत्येक पिढीला पुन्हा कमवावा लागतो.

मिलोसेविचचे पुढचे थोडक्यात सांगवते, कारण विस्ताराने सांगवत नाही. १९९१ मध्ये क्रोएशियात युद्ध, १९९२ पासून बोस्नियात, शेवटी कोसोवोत. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनिका या गावी बोस्नियातल्या सर्ब सैन्याने सुमारे आठ हजार मुसलमान पुरुष आणि मुलगे मारले. मुलगे.

त्याला पायउतारही गर्दीनेच केले. सप्टेंबर २००० ची निवडणूक हरला, निकाल मानेना. ५ ऑक्टोबरला लोक संसदेत घुसले. दुसऱ्या वर्षी त्याला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या हवाली केले, तो दिवस २८ जूनचा. तारखेला स्वतःचा अर्थ नसतो. त्याने या तारखेला अर्थ चढवला होता. तिने तो परत केला.

१२ फेब्रुवारी २००२ ला खटला उभा राहिला. क्रोएशिया, बोस्निया, कोसोवो मिळून ६६ आरोप, त्यांत वंशसंहाराचाही. न्यायालय मानत नाही म्हणाला आणि तिथेच उभा राहून स्वतःची वकिली करू लागला. उलटतपासण्या घेतल्या, भाषणे केली. चार वर्षे. ११ मार्च २००६ ला कोठडीत मरण आले. निकाल नाही.

हेगमध्ये त्याला चार वर्षे मिळाली. सिद्धगडावर भाईंना चार मिनिटे मिळाली नाहीत. पूर्वी हे आठवले की संताप यायचा आणि वाटायचे, त्याला कशाला इतके बोलू दिले? आज तसे वाटत नाही. एवढ्या आरोपांखालच्या माणसालाही बोलू द्यावे लागते. भाईंना जे नाकारले गेले ते कुणालाच नाकारू नये, असे म्हणायचे तर त्यालाही नाकारता येत नाही. ही किंमत जड आहे. मी ती मोजायला तयार आहे.

शिवाय त्या दालनात तो एकटाच बोलत नव्हता. शेकडो साक्षीदार येऊन गेले. ज्यांची गावे जळाली ती माणसे त्याच्यासमोर, त्याच्या डोळ्यांत बघत बोलली. निकाल लागला नाही, पण तो शब्दन्‌शब्द लिहिलेला आहे. सिद्धगडची पहाट आमच्याकडे तोंडातोंडी चालत आली. सांगणारे थकत चालले.

राष्ट्रवादी हा शब्द कर्जतमध्ये उच्चारला की मला सिद्धगड दिसतो. तोच शब्द बोस्नियातल्या एखाद्या म्हातारीपुढे उच्चारायचे मला धाडस होणार नाही. शब्दाचा दोष नाही म्हणून मी सुटू शकत नाही. तो कुणाच्या अंगावर पडला, हे शब्द वापरणाऱ्याने पाहायचे असते.

स्रेब्रेनिकाचे मृतदेह आधी सामूहिक खड्ड्यांत पुरले. नंतर पुरावा लपवण्यासाठी यंत्रांनी उकरून दुसरीकडे नेऊन टाकले. त्यामुळे एकाच माणसाची हाडे वेगवेगळ्या ठिकाणी निघाली. स्रेब्रेनिकाजवळच्या पोतोचारीच्या दफनभूमीत दर ११ जुलैला, त्या वर्षी ओळख पटलेल्यांना माती देतात. कित्येक आयांनी मुलाचे एखादेच हाड हाती आले तेव्हा दफन पुढे ढकलले. उरलेला मुलगा सापडेल म्हणून त्या थांबल्या.