डबाभर उरलेल्या गोळ्या

देवरुखच्या बाजारात तात्यांचं किराणा दुकान होतं. पाच रुपयांची बाकी असली तरी गिऱ्हाइकाला देवळाच्या पायरीवर गाठून आठवण करतील, असा माणूस.

दुकानाच्या राखणीला वाघ्या. रात्री तो मागच्या खोलीत रिकाम्या गोणपाटांवर झोपे. पावसाळा लागला की शेपटीच्या मुळाशी खाज सुटे. चावून चावून कातडी लाल होई, मग पुटकुळ्या, पू, खपल्या आणि तो आंबूस वास. तात्या मागच्याच गोळ्या मागवत. चार दिवसांत खपल्या गळल्या की गोळ्या बंद, उरलेलं पाकीट डब्यात. पुढच्या वेळेला होईल! पुढची वेळ यायचीच. एकदा कुणाच्या सांगण्यावरून जळकं ऑइल चोपडलं. वाघ्याने ते चाटलं आणि ओकत बसला. (हा उपाय अजून गावोगाव सांगतात, सांगणाऱ्याला तो चाटावा लागत नाही.)

त्या वर्षी गोळ्यांनी काही फरकच पडेना. सुनेने वाघ्याला रिक्षात घातलं आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मागोमाग तात्या, डबा घेऊन.

बाईंनी काचपट्टी जखमेवर दाबली, रंग चढवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. "जंतू आहेत. पण हे निरोगी कुत्र्याच्या अंगावरही असतात, तात्या. त्यांना वाट कोण करून देतं ते बघू."

त्यांनी पाठीवरून बारीक फणी फिरवली आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर झटकले. बघता बघता प्रत्येक कणाभोवती तांबूस डाग पसरला.

"माती असती तर काळीच राहिली असती. ही पिसवांची घाण. वाघ्याचंच रक्त आहे हे, त्यांनी पचवलेलं."

"पण अंगावर एक पिसू दिसत नाही!"

"तो चावून गिळतो ना. लाळेची ॲलर्जी असली की मोजके चावेसुद्धा पुरतात. अंडी, अळ्या, कोष तर अंगावर नसतातच फारसे. झोपतो कुठे हा?"

तात्यांच्या डोळ्यांपुढे गोणपाटांचा ढीग आला.

बाईंनी डबा टेबलावर उपडा केला. "निम्मे पैसे देणाऱ्याचं खातं तुम्ही मिटवता?"

"छे हो!"

"मग हे काय?"

पुवाचा नमुना तपासायला गेला. पुन्हा पुन्हा दिलेल्या गोळ्यांना जंतू सरावले होते. डब्यातलं औषध आता बिनकामाचं ठरलं. दुसरं सुरू झालं, बाई थांबवतील तेव्हाच थांबवायचं या अटीवर. गोणपाटं गेली, फरशीच्या भेगा झाडून निघाल्या. पिसवांचं औषध महिन्याच्या महिन्याला, घरातल्या मांजरालाही. त्याचं मात्र वेगळं, कारण कुत्र्याची काही औषधं मांजराच्या जिवावर बेततात. शिवाय क्लोरहेक्सिडीनचा शॅम्पू. फेस दहा मिनिटं अंगावर ठेवायचा होता. तात्या घड्याळ धरून उभे राहत. नवव्या मिनिटाला सुनेने तांब्या उचलला तर ओरडत, "अजून एक मिनिट बाकी आहे!"

वाघ्याची पाठ केसांनी भरली. पण बाईंनी बजावलं होतं, ॲलर्जी जन्माची आहे, लक्ष ठेवावंच लागेल.

पुढच्या श्रावणात शेपटीजवळ पुन्हा लालसर चट्टा दिसला. तात्यांनी बाईंना फोन केला आणि थेट मागची खोली गाठली. पोत्यांच्या आड, वाघ्याच्या जुन्या जागी, एक जुनं गोणपाट पसरलेलं होतं.

"हे आत कुणी आणलं रे?" दुकानभर आवाज घुमला. मुलगा गिऱ्हाइकाची साखर अर्धी जोखून तसाच आत धावला.